मोहरीएवढी काच

नळीताईंना भरदिवसा स्वप्नं पडत. झोपेतली नव्हेत, चांगली उघड्या डोळ्यांची. दुपारी खिडकीपाशी बसल्या आणि पडद्याच्या भोकातून उजेडाची एक गोल चकती भिंतीवर पडली, की झालंच. ती चकती हळूहळू मोठी व्हायची, तिच्यात फिकट जांभळे ठिपके तरंगायला लागायचे, आणि ताई मांडीवरचं निवडण तसंच ठेवून त्या ठिपक्यांमागे कुठल्या कुठे निघून जायच्या. हाक मारली तरी ऐकू जायची नाही. "गेली आमची ही पाण्यात," असं मिस्त्री म्हणायचे आणि मुकाट्याने चहा स्वतःच टाकायचे.

मिस्त्री म्हणजे ताईंचे यजमान. जन्मभर गवंडीकाम केलेला, आडव्या हाडाचा, मऊ मनाचा माणूस. बायकोचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. लोक त्यावरून त्यांची थट्टा करायचे. मिस्त्री हसून म्हणायचे, भिंत आणि बायको, दोघींनाही जोर लावायचा नसतो. थट्टा करणारे आपल्या घरी जाऊन भांडत, आणि हे दोघं संध्याकाळी गच्चीत खुर्च्या टाकून बसत.

ताईंची सगळी नोकरी रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत झाली. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने पातळ ओढायचा, रंगवायचा, वाळवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायचा. दिवसभर तेच. नळीताई हे नाव तिथलंच. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. आजूबाजूला ओल्या भिंती, औषधांचा वास, वर पंख्याची घरघर. पण नळीला डोळा लावला की त्यातलं काही उरायचं नाही. एक पांढराशुभ्र गोल आणि त्यात माणसाच्या आतलं सगळं गाव. ताई तिथे रमून गेल्या. तळघरात जन्म काढला म्हणून कुणी हळहळलं, तर त्यांना कळायचंच नाही, हा माणूस कशाबद्दल बोलतोय.

नोकरी संपत आली आणि डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे बघा काय चेष्टा आहे! ज्याच्याकडे बघायचं नाही ते सगळं लख्ख, आणि ज्याच्याकडे बघावं ते गुल. खिडकीची चौकट दिसायची, बाहेरचं झाड नाही. मिस्त्रींच्या तोंडाकडे बघितलं की खांद्यांवर नुसतं धुकं. "तुझं एक बरंच झालं," मिस्त्री म्हणायचे, "हे तोंड बघून बघून कंटाळली असशील." ताई हसायच्या. पण नळीला डोळा लावायचे दिवस संपले ते संपलेच. त्या दुःखाला त्यांनी कुणाजवळ वाट करून दिली नाही. फक्त दुपारी भिंतीवरच्या चकतीकडे बघत बसायच्या.

अशाच एका दुपारी नणंद आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरायची.

"वहिनी, आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, पण तो कपाटात आहे. भिंगाला बुरशी लागलीय. दरवर्षी मी मुलांना कपाटाच्या काचेतून दाखवते, हा बघा बरं का, सूक्ष्मदर्शक. ज्यातून बघायचं तेच बघून आमची मुलं पुढच्या वर्गात जातात. मला लाज वाटायला लागलीय. तुम्ही जन्मभर हेच केलंत. काहीतरी करा."

 ताईंना खूप जुनं काहीतरी आठवलं. त्या नवख्या होत्या तेव्हा प्रयोगशाळेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मजा म्हणून दाखवलं होतं. काचेची बारीक कांडी ज्योतीवर धरायची, मऊ झाली की ओढून केसासारखा दोरा करायचा, आणि त्या दोऱ्याचं टोक पुन्हा ज्योतीत धरायचं. टोकाशी काच आपोआप गोळा होते. मोहरीएवढा मणी. तोच मणी म्हणजे भिंग, आणि भिंगही असं की मोठमोठ्या नळ्यांनी मान खाली घालावी.

"करते," त्या म्हणाल्या. आवाज असा काही लागला की मिस्त्री स्वयंपाकघरातून डोकावले.

मुलांना दिसावं, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर ताईंना ते स्वतःसाठीही हवं होतं. आपल्याला दिसणार नाही, नाही तर नाही. पण घरात कुणीतरी बघावं, आत काय चाललंय ते सांगावं, आणि त्याच्या शब्दांवरून आपल्याला तो पांढरा गोल पुन्हा एकदा भेटावा, एवढीच त्यांची हाव होती. आणि ते कुणीतरी म्हणजे दुसरं कोण असणार!

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या ओट्याचा कारखाना झाला. मिस्त्रींनी रिकामे डबे कापून पत्रा सपाट केला, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या पाडल्या, खिळ्याने भोक पाडून कानशीने घासलं. दोन पट्ट्यांच्या भोकांमध्ये मणी पकडायचा, पट्ट्या स्क्रूने आवळायच्या. मागे काचपट्टी धरायला एक चाप, आणि ती पुढेमागे सरकवायला आणखी एक स्क्रू. झाला सूक्ष्मदर्शक. हातात धरायचा, डोळ्याला अगदी चिकटवायचा आणि खिडकीकडे तोंड करायचं.

मणी मात्र ताईंच्या हातचे. ज्योतीकडे सरळ बघितलं की ती नाहीशी व्हायची, म्हणून त्या शेजारच्या बरणीकडे बघत बसायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून निळ्या ज्योतीत काचेचा दोरा सोडायच्या. टोकाशी केशरी ठिणगी फुगायची. ते बघताना त्यांना वाटायचं, आपण पुन्हा तळघरात बसलोय आणि सगळं जग आपल्याला वाट देतंय. मणी वाटीत टिणकन पडला की त्या भानावर यायच्या.

"बघा हो, दिसतं का?"

मिस्त्री पट्टी डोळ्याला लावायचे, एक डोळा गच्च मिटायचे, तोंड वाकडं करायचे. "दिसतं की! झकास!"

"काय दिसतं?"

"तेच की ते. तू म्हणतेस ते. पेशी."

"कशा आहेत?"

"चांगल्या आहेत," मिस्त्री म्हणायचे. जणू कुणाची ख्यालीखुशाली सांगत होते.

ताई डोळे मिटून ते ऐकायच्या आणि बाकीचं स्वतः भरून घ्यायच्या. सबंध वर्गाला पुरतील एवढ्या पट्ट्या झाल्या. नणंद त्या पिशवीत घालून घेऊन गेली. त्या संध्याकाळी गच्चीत बसल्या बसल्या ताईंना आकाश म्हणजे नीट रंगवून धुतलेली काचपट्टी वाटत होतं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मिस्त्री "हो ना" म्हणाले.

नणंद परत आली ती गोंधळलेली.

"वहिनी, सगळं उत्तम झालं. म्हणजे मला तरी वाटलं उत्तम झालं. मी कांद्याचा पापुद्रा लावून दिला आणि विचारलं, दिसतंय का? सगळी मुलं एका सुरात म्हणाली, हो बाई! चित्रं काढा म्हटलं, तर पटापट चित्रं काढली. पण सगळ्यांची चित्रं सारखी. आणि सगळी पुस्तकातल्यासारखी."

ताईंच्या हातातली कांडी थांबली. "कुणी बुडबुडे काढले? काळ्या कडेचे, गोल?"

"नाही."

"कुणी आडव्यातिडव्या रेघा काढल्या? केसासारख्या?"

"केस कुठून येतील त्यात?"

"स्वतःच्या पापण्यांचे," ताई म्हणाल्या. "नवीन माणूस नळीला डोळा लावतो ना, तेव्हा आधी त्याला आपल्याच पापण्या दिसतात. मग बुडबुडे दिसतात. पेशी दिसते ती सगळ्यात शेवटी. आमच्याकडे आलेला एकही नवखा ह्यातून सुटला नाही. आणि तुझ्या अख्ख्या वर्गात एकालाही पापण्या नाहीत?"

नणंदेने तोंडावर हात ठेवला. "मी पण 'दिसतं' म्हणाले, वहिनी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, माझंच चुकतंय. तुम्ही एवढं केलेलं."

ताईंनी कांडी खाली ठेवली. मुलं बाईंना घाबरून बोलली, बाई वहिनीला संकोचून बोलल्या. मग घरातलं काय? मिस्त्रींनी तर एकेक पट्टी डोळ्याला लावून पसंत केली होती. नाही नाही, ताईंनी स्वतःला समजावलं, ते काही तसे नाहीत. पण शंका आली ती काही जाईना. नणंद गेल्यावर दुपारभर त्या बसून राहिल्या आणि भिंतीवरच्या चकतीत काहीच तरंगलं नाही.

शेवटी त्यांनी एका पट्टीला धुतलेली, कोरी करकरीत काच लावली आणि मिस्त्रींपुढे धरली.

"बघा बरं ही."

मिस्त्रींनी डोळा मिटला, तोंड वाकडं केलं. "वा! ही तर सगळ्यात झकास. पेशीच पेशी. रांगेने!"

 मिस्त्रींनी पट्टी खाली घेतली.

"काच कोरी आहे," ताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी पट्टी उजेडाकडे धरून उलटसुलट केली. 

"इतकी वर्षं तळघरातल्या त्या खुर्चीत बसले," ताई म्हणाल्या, "दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर डोक्यावर उभे राहिले तरी सांगितलं. आणि माझ्या घरात तुम्ही मला कोऱ्या काचेत रांगा दाखवता? मी आंधळी होतेय म्हणून?"

"अगं, तसं नाही गं..."

"मग कसं?"

मिस्त्री स्टुलावर बसले. "तू विचारतेस ना, दिसतं का, तेव्हा तुझा चेहरा बघवत नाही. इतकी आस लावून विचारतेस. तिथे नाही कसं म्हणायचं? आणि आमच्या धंद्यात तर 'नाही' शब्दच नाही. घरमालक म्हणाला, मिस्त्री, होईल का? की म्हणायचं, होईल. मग घरी येऊन डोकं धरायचं."

"आणि भिंत वाकडी आली तर? तेव्हाही झकास?"

"भिंतीला ओळंबा असतो. दोरी सोडली की भिंतीचं खोटं तिथल्या तिथे उघडं पडतं. ह्या तुझ्या मोहरीला मी काय लावू? मला माहीतच नाही आत काय दिसायला हवं. तू म्हणशील तेच खरं धरून चाललो."

ताईंचा राग गेला नाही, पण त्याची धार गेली. त्या विचारात पडल्या. माणूस खोटारडा नव्हता. त्याला बघायचं कसं ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी, तर आपण. आणि आपण त्याला काय विचारत होतो? दिसतं का! ह्या प्रश्नाला प्रेमाच्या माणसाकडे एकच उत्तर असतं.

"उद्यापासून मी 'दिसतं का' विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कशाचं नाव घ्यायचं नाही. पेशी नाही, झकास नाही. नुसतं, काळं आहे की पांढरं, कडा आहे की नाही, हलतं की नाही, एवढंच. आणि डोळा मिटायचा नाही. दोन्ही उघडे ठेवायचे. दुसऱ्या डोळ्याला जे दिसेल ते दिसू दे."

"आणि काहीच नसलं तर?"

"तर काहीच नाही म्हणा. मला बरं वाटेल."

मिस्त्रींना ते खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून त्यांनी पट्टी डोळ्याला लावली, दोन्ही डोळे उघडे ठेवले, आणि बऱ्याच वेळाने घाबरत घाबरत म्हणाले, "गोल आहे. काळ्या कडेचं. मधे पांढरं. काचपट्टी सरकवली तरी ते जागचं हलत नाही."

"अरे वा!" ताई टाळी वाजवून म्हणाल्या. "तो बुडबुडा. मण्याच्याच पोटात हवा राहिलीय. फेका तो."

"फेकू? तू केलेला?"

"फेका म्हणते ना!"

मग कळलं. कडेच्या नजरेने काम करताना ताईंच्या हातून काचेचा दोरा दुमडला जात होता, आणि दुमडीत हवा अडकत होती. पहिल्या सगळ्या मण्यांचं पोट असंच फुगलेलं. शाळेतल्या पट्ट्या परत आल्या, मणी काढून टाकले, आणि ताई नव्याने बसल्या. आता त्या दोरा सरळ उभा धरायच्या, ज्योतीच्या टोकाशी, बोटांत फिरवत फिरवत, घाई न करता. मिस्त्री खिडकीत बसून निकाल द्यायचे. "धूसर." "अंधार." "केस आहेत, आडवे. हां हां, माझेच!" "काहीच नाही."

एवढ्या 'नाहीं'ची त्या घराला सवय नव्हती. पण काय सांगावं, दर 'नाही'ला ताईंच्या छातीवरचं ओझं थोडं उतरत होतं. दुपारचा उजेड ओट्यावरून सरकत जमिनीवर यायचा, काचेचे दोरे त्यात चमकायचे, आणि मधूनच खिडकीतून तो जाडाभरडा, संकोचलेला, खरा आवाज यायचा. धूसर. अंधार. काहीच नाही. त्या आवाजाला धरून आपण कुठेतरी निघालोय असं त्यांना वाटायचं.

एके दुपारी मिस्त्रींनी पट्टी डोळ्यावरून खाली घेतलीच नाही. पट्टीला कांद्याचा पापुद्रा होता, जखमेवर लावायच्या आयोडीनने पिवळा केलेला. त्यांनी स्क्रू थोडा पिळला, पुन्हा थोडा उलटा पिळला.

"बांधकाम आहे," ते म्हणाले.

ताई हातातलं काम सोडून खिडकीकडे वळल्या.

"विटा आहेत. लांबट. पण गवंडी हुशार आहे बरं का. सांधे मोडलेत. एका विटेचा सांधा दुसऱ्याच्या डोक्यावर येऊ दिला नाही. फक्त ओळंबा धरलेला नाही, एक ओळ इकडे गेलीय, एक तिकडे. आणि माती चाळली नाही नीट. दर विटेत एकेक खडा राहिलाय. पिवळा. कुठे मधे, कुठे पार भिंतीला टेकलेला."

असं चित्र कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पुस्तकात विटा सरळ होत्या आणि खडे बरोबर मध्यभागी. ताईंनी डोळे मिटून घेतले. आणि तो गोल आला, हो, तोच, पांढराशुभ्र, काठोकाठ भरलेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. खडा म्हणे! पेशीच्या केंद्रकाला इतकं बरोबर नाव आजवर कुणी दिलं नव्हतं.

"रडतेस काय?" मिस्त्री घाबरले. "मी खरंच सांगतोय गं!"

"कळतंय," ताई म्हणाल्या. "म्हणून तर."

मग ताई स्वतः शाळेत गेल्या. मिस्त्री पिशवी धरायला म्हणून बरोबर आले आणि अवघडून शेवटच्या बाकावर बसले. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, फळ्यावर खडूची धूळ होती, आणि मुलं हाताची घडी घालून 'हो बाई' म्हणायला तयार बसली होती. पट्ट्या वाटून झाल्यावर ताईंनी विचारलं, "कुणाकुणाला दिसत नाहीये? मी आधी त्यांच्याकडे येणार. दिसतं म्हणणाऱ्यांकडे मला काही काम नाही."

कुणी हलेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग नणंदेने, त्यांच्या बाईंनीच, हात वर केला. "मला दिसत नाही, वहिनी."

वर्ग चकित झाला. मग मागून एक हात, मग खिडकीपाशी दोन, आणि बघता बघता हातांचं रान. ताई बाकाबाकांतून फिरल्या. दोन्ही डोळे उघडे ठेव. आणखी जवळ घे. नाव सांगू नकोस, दिसतं ते सांग. कुणी पापण्या सांगितल्या, तेव्हा त्या खुदकन हसल्या. कुणी बुडबुडा सांगितला. मग एका कोपऱ्यातून "आईगं!" असा आवाज आला, आणि मग वर्गात जो कल्ला सुरू झाला तो काही थांबेना. मुली भांडायला लागल्या, मुलं ढकलाढकली करायला लागली, माझी पाळी, तुझी झाली, सोड ना! नणंद ओरडत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

त्या गोंधळातून वाट काढत ताई शेवटच्या बाकापाशी आल्या आणि मिस्त्रींच्या शेजारी टेकल्या. मिस्त्रींनी एक पट्टी स्वतःकडे ठेवून घेतली होती आणि वर्गातल्या फुलदाणीतल्या पाण्याचा थेंब तिला लावला होता. पट्टी डोळ्याला चिकटलेली, तोंड उघडं, मान खिडकीकडे.

"काय आहे?" ताईंनी विचारलं.

उत्तर नाही.

"अहो, हलतंय का काही?"

ताईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. "अहो, सांगा ना. काय आहे?"

"गप गं जरा!" मिस्त्री खेकसले. "वळतंय ते. बघू दे मला."

ताईंचा हात तसाच राहिला. एवढ्या संसारात ह्या माणसाने त्यांना कधी गप्प केलं नव्हतं. त्यांना खुश करायला म्हणून तो जन्मभर मान डोलावत आला होता, आणि आज त्याला त्यांची आठवणच नव्हती. तो तिकडे होता. नळीच्या पलीकडे, त्या उजेडात, जिथे इतकी वर्षं त्या एकट्याच जात होत्या.

त्या त्याच्या शेजारी हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिल्या.